मासे येण्याआधीचे सहा आठवडे

नव्या काचेच्या टाकीतले मासे मरायचे असले तर बहुधा तिसऱ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत मरतात. टाकी घरी आली त्या संध्याकाळी सगळं झकास असतं. पाणी नितळ, रंगीत खडी, निळा दिवा, आणि काचेला नाक लावून बसलेली मुलं. दोन दिवसांनी पाणी दुधाळ होतं. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करू लागतात, कल्ले लालभडक दिसतात, टाकलेलं खाणं तळाशी तसंच पडून राहतं, आणि एका सकाळी एक मासा आडवा तरंगताना सापडतो. घरात त्याची कारणं ठरलेली असतात: दुकानदाराने रोगट मासा दिला, प्रवासात दमला, मुलांनी फार खाऊ घातलं, कुणाची तरी नजर लागली. घरावरचं संकट माशाने स्वतःच्या अंगावर घेतलं, असंही समाधान करून घेतलं जातं. या शेवटच्या समजुतीचं मला फार वाईट वाटतं, कारण तिच्यामुळे खरं कारण शोधलं जात नाही आणि पुढच्या रविवारी आणलेला मासाही त्याच वाटेने जातो.

खरं कारण साधं आहे. मासा ज्या पाण्यात राहतो त्याच पाण्यात मळ टाकतो. आपल्या शरीरात प्रथिनं वापरली गेल्यावर उरलेलं नत्र यकृत युरियात बदलतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. गोड्या पाण्यातला मासा एवढे कष्ट घेत नाही. तो बराचसा अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते, तिचाही अमोनियाच होतो. नदीत आणि तलावात पाणी अफाट असतं, शिवाय तिथल्या प्रत्येक दगडावर, काडीवर, गाळाच्या कणावर हा अमोनिया खाणारे जिवाणू वर्षानुवर्षं वस्ती करून असतात. गावातल्या जुन्या हौदात किंवा बारवेत ना फिल्टर असतो ना औषध, तरी मासे जगतात ते त्या शेवाळलेल्या चिऱ्यांमुळे. नव्या टाकीची काच, धुतलेली खडी आणि कोरा स्पंज यांवर यातलं काहीही नसतं. मासे स्वतःच्याच अमोनियात घुसमटतात.

जिवाणूंचं अमोनिया खाण्याचं हे काम, म्हणजे नायट्रीकरण, दोन टप्प्यांत चालतं. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं. दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट माशांना बरंच सोसतं, वनस्पती ते खातात, आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढू शकतो. हे दोन्ही गट टाकीत पुरेशा संख्येने रुजवणं, आणि तेही मासे आणण्याआधी, याला हौशी लोक टाकी ‘सायकल’ करणं म्हणतात. मासे नसताना हे करायचं असा माझा आग्रह आहे. मासे आत ठेवूनही टाकी सायकल होते, दुकानांतून तोच सल्ला बहुतेक वेळा मिळतो, पण त्यात महिनाभर जिवंत प्राण्याला विषात ठेवावं लागतं. ते करू नये.

जिवाणूंची ही गोष्ट माणसाला कळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि त्यात एका बाप-लेकाच्या जोडीचा मोठा वाटा आहे. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये काम करणारे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये साधारण बारा गॅलनांचं काचेचं भांडं घेतलं, म्हणजे आजची आपली दोन फुटी टाकी. त्यात झऱ्याचं पाणी, वाळू, खडी, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि दोन लहान गोल्डफिश ठेवले. वनस्पतीची जुनी पानं कुजून पाणी खराब होऊ लागलं तेव्हा त्यांनी ती कुजकी पानं खाणाऱ्या पाणगोगलगायी आणून सोडल्या, आणि भांडं स्थिरावलं. १८५० मध्ये त्यांनी हे निरीक्षण लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. प्राणी कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती प्राणवायू देते, असा तो हिशेब होता. हिशेब खरा होता, पण अर्धा. त्याच खडीवर नकळत वाढलेल्या जिवाणूंचा त्यात पत्ताच नव्हता.

तो पत्ता लागण्याची सुरुवात १८७७ मध्ये झाली. फ्रान्सच्या श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवलं. काही दिवस काही घडलं नाही, मग खालून नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते बंद पडलं. म्हणजे हे काम कुणीतरी जिवंत करत होतं. त्या सुरुवातीच्या ‘काही घडलं नाही’ या दिवसांकडे लक्ष द्या, आपल्या टाकीतही नेमके तेच दिवस येणार आहेत. यानंतर इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात एका माणसाने वर्षानुवर्षं हा प्रश्न चिवटपणे धरून ठेवला आणि दाखवून दिलं की अमोनियाचं नायट्राइट करणारा जीव वेगळा आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारा वेगळा. त्याचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. त्या काचेच्या भांड्यातल्या गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनांचा हा मुलगा. बापाच्या भांड्यात जे काम गुपचूप चाललं होतं, ते मुलाने शेताच्या मातीत शोधून काढलं. ते जिवाणू निर्भेळ वेगळे करणं मात्र त्यालाही जमलं नाही. ते १८९० मध्ये झुरिकला सर्गेई विनोग्राद्स्की यांनी केलं.

पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत दोन नावं ठाण मांडून बसली: नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. फिश टँकच्या पुस्तकांनीही तीच उचलली. १९९८ मध्ये अमेरिकेत टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी खऱ्याखुऱ्या गोड्या पाण्याच्या टाक्यांची तपासणी केली, तर नायट्राइट खाणारा तिथला जीव नायट्रोबॅक्टर नव्हताच, तो नायट्रोस्पिरा होता. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना टाक्यांच्या फिल्टरांत अमोनिया खाणाऱ्यांत जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्याच कुळातले जीव जास्त सापडले. आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करणारा नायट्रोस्पिरा सापडला. दोन स्वतंत्र गटांनी तो एकाच वेळी जाहीर केला, आणि त्यातल्या एका गटाला तो मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये मिळाला. दुकानात ‘जिवाणूंची बाटली’ मिळते तेव्हा तिच्यावर कोणती नावं छापली आहेत हे पाहण्यापुरती ही माहिती कामाची आहे. पण बाटली किती दिवस दुकानाच्या उन्हात होती हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका.

आता आपल्या पाण्याकडे येऊ, कारण बुलढाणा जिल्ह्यात पाणी हे प्रकरणच वेगळं आहे. परदेशी पुस्तकातली कृती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. जिल्ह्याचे सरळ दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा भाग बेसाल्ट खडकाचा. या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. गिझरच्या कॉइलवर आणि बोअरच्या नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. घाटाखाली नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर इकडे पूर्णा नदीच्या गाळाचा खारपाणपट्टा लागतो. तिथलं भूजल खारट, सोडियम आणि क्लोराइडचं. धरणाचं नळपाणी मिळतं तिथे गोष्ट सोपी होते. बुलढाणा शहराला येळगाव धरणाचं पाणी येतं, ते बोअरच्या मानाने मऊ.

पाणी जड असेल तर त्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेसात ते साडेआठच्या घरात जातो. अमोनियाच्या बाबतीत सामू निर्णायक ठरतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप कल्ल्यांतून सहज आत जात नाही, दुसरा मोकळा अमोनिया मात्र थेट शिरतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का मोकळा असतो. सामू ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो, साडेआठला पंधरा टक्क्यांवर. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात जो मासा धडपडत का होईना निभावून नेतो, तोच मासा तेवढ्याच अमोनियात आपल्या बोअरच्या पाण्यात दोन दिवसांत जातो. पाणी तापलं की प्रमाण आणखी वाढतं, सामू ८ च ठेवून पाणी ३२ अंशांवर गेलं तर पाचाचे आठ टक्के होतात. या गणिताचं टोक पाहायचं असेल तर लोणार आठवा. उल्कापाताने झालेल्या त्या सरोवराच्या पाण्याचा सामू वर्षानुवर्षांच्या मोजण्यांत दहाच्या आसपास आला आहे. एवढ्या सामूला बहुतेक अमोनिया मोकळा. त्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात स्वतःचे वेगळे सूक्ष्मजीव सुखाने नांदतात, २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेही त्यांच्यामुळेच, पण गोल्डफिशला तिथे एक तासही काढता येणार नाही.

जड पाण्याचा एक मोठा फायदाही आहे. अमोनिया खाताना जिवाणू पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे पाण्याची क्षारता, वापरतात. लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनियाचं नायट्रेट करायला साधारण बारा मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात ती दोन-तीनशे असणं नवलाचं नाही, त्यामुळे महिनाभर काम चाललं तरी साठा संपत नाही. याच कारणाने आरओचं किंवा जारचं पाणी टाकीत ओतू नये. ‘माशांना आपण पितो तेच शुद्ध पाणी देतो’ असं अनेक घरांत प्रेमाने सांगितलं जातं. त्या पाण्यात क्षारता वीस-पंचवीसच उरली असेल तर दोन डोसांतच ती खलास होते, सामू घसरतो, जिवाणू काम थांबवतात, आणि टाकी अडली कशाने हे कळत नाही. आरओ फक्त एका ठिकाणी उपयोगी: खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी फार खारट असेल तर त्यात निम्मं मिसळायला. पावसाळ्यात छपरावरून धरलेलं पाणी, पहिले दोन-तीन पाऊस सोडून, त्याच कामाला आणखी चांगलं.

सुरुवात करण्याआधी आपलं कोरं पाणी तपासून घ्या. हे मी जोर देऊन सांगतो. बुलढाण्याच्या अनेक विहिरींच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असतं, शेतातल्या खताचं, गोठ्यांचं, शोषखड्ड्यांचं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला आणि तपासणीत नायट्रेट जास्त आढळल्याच्या बातम्या आल्या. पुढे गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं गेलं. पण नायट्रेटचा प्रश्न त्या घटनेपुरता नव्हता आणि नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे, आणि ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी महत्त्वाची, कारण नायट्रेटपासून पोटात झालेलं नायट्राइट त्यांच्या रक्तावर माशाच्या रक्तासारखाच घाला घालतं. टाकीच्या दृष्टीने पाहायचं तर, विहिरीच्या पाण्यातच ५० नायट्रेट असेल आणि तुम्हाला ते ठाऊक नसेल, तर पहिल्याच दिवशी चाचणीचा लाल रंग पाहून टाकी तयार झाली असं वाटेल. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि पाणी तपासलंच आहे तर घरात लहान बाळ असल्यास त्या आकड्याकडे टाकीसाठी नव्हे, बाळासाठी पाहा.

आता प्रत्यक्ष काम. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत खडी घातल्यावर साधारण ५० लिटर पाणी बसतं. नगरपालिकेचं पाणी असेल किंवा विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर ते उघड्या बादलीत एअर पंप लावून दिवसभर ठेवा. क्लोरीन जिवाणूंना मारण्यासाठीच घातलेलं असतं, ते आपल्याही जिवाणूंना मारतं. घाई असेल तर दुकानातलं अँटी-क्लोरीन चालेल, ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. फिल्टर म्हणून स्पंज फिल्टर घ्या. स्वस्त असतो, दिसायला ओबडधोबड, पण त्याच्या भोकाभोकांत जिवाणूंना घर मिळतं आणि हवेच्या बुडबुड्यांबरोबर प्राणवायूही. पहिल्या दिवसापासून तो रात्रंदिवस चालू. दिव्याची गरज नाही, वनस्पती लावल्या असतील तरच लावा. दुकानदार निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली हातात ठेवेल ती या महिन्यात नको. निळं बहुधा मिथिलीन ब्लू असतं आणि ते नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंनाच मारक आहे.

मासे नाहीत, मग जिवाणूंना खायला अमोनिया कुठून आणायचा? चिमूटभर माशांचं खाणं टाकून ते कुजू देता येतं. पण त्यात किती अमोनिया झाला हे मोजता येत नाही आणि तळाशी बुरशी चढते. उत्तम साधन म्हणजे अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात कथील फिरवताना जी पांढरी पूड टाकतो आणि जिचा उग्र पांढरा धूर उठतो, ती हीच. बाजारातल्या नवसागरात भेसळ किंवा इतर धातूंचा अंश असू शकतो, म्हणून शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. दहा ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात विरघळवा. आता दर मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम आहे. ५० लिटरच्या टाकीत लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया आणायला ३१ मिलिलिटर लागतात. मेडिकलमधली सुई नसलेली मोठी सिरिंज या मापाला पुरे. बाटलीवर ठळक नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

शेतकऱ्याच्या घरात लगेच प्रश्न येईल, कोठीत युरियाची गोणी असताना विकत कशाला आणायचं? युरियाचा अमोनिया होतो हे खरं. पण २०१५ पासून देशात विकला जाणारा शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो, आणि तो लेप देण्याचं एक कारण नायट्रीकरण मंदावणं हे आहे. नत्राचं नायट्रेट लगेच झालं तर ते पावसाबरोबर मुळांच्या खाली वाहून जातं आणि विहिरीत उतरतं. म्हणून शेतात ज्या जिवाणूंना आवरायचं, नेमके तेच आपल्याला टाकीत वाढवायचे आहेत. निंबोळी लेपाचा युरिया टाकीत टाकला तर आपणच आपलं काम अडवल्यासारखं होईल.

पहिला डोस टाकला की रोज किंवा एक दिवसाआड अमोनिया तपासायचा. द्रावणाच्या थेंबांच्या चाचण्या मिळतात त्या घ्या, कागदी पट्ट्या फार ढोबळ असतात. सर्वसाधारण चाचणीत अमोनिया नसेल तर नळीतलं पाणी पिवळं राहतं, असेल तर हिरवं होतं. नायट्राइटची नळी आकाशी निळ्यापासून जांभळ्याकडे जाते, नायट्रेटची पिवळ्यापासून नारिंगी आणि लाल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होईल. हे कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे भराभर वाढणारे जिवाणू, आपले नव्हेत. आपोआप ओसरतात. पाणी बदलू नका.

मग येतात कंटाळ्याचे दिवस. आठवडा, कधी दोन आठवडे हिरवा रंग ढळत नाही. याचं कारण जीवशास्त्रात आहे. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर, तेही स्वतःचं अन्न कार्बन डायऑक्साइडपासून बनवत जगणाऱ्या या जिवाणूंना दुप्पट व्हायला पाऊण दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. बहुतेक लोक याच टप्प्यावर धीर सोडतात आणि मासे आणतात. तुम्ही वही उघडी ठेवा. एके दिवशी हिरवा रंग फिका पडेल आणि नायट्राइटची नळी जांभळी होईल. अमोनिया दोनवरून शून्यावर आला की पुन्हा ३१ मिलिलिटर टाका. आता नायट्राइट चढत राहील, कारण दोन मिलिग्रॅम अमोनियाचं साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास नायट्राइट होतं, बऱ्याच चाचण्यांचा रंगतक्ता तिथेच संपतो. नायट्राइट तक्त्याबाहेर गेलं तर अमोनियाचे डोस दोन-तीन दिवस थांबवा. नायट्राइट खाणारा गट आणखी सावकाश वाढतो, आणि जड पाण्यातला जास्तीचा मोकळा अमोनिया त्याला सोसत नाही. म्हणूनच परदेशी लिखाणात कुठेकुठे सांगितलेले चार-पाच मिलिग्रॅमचे डोस आपल्याकडे नकोत, दोन पुरेत.

कुणाच्या घरी वर्षभर चांगली चाललेली, रोग न झालेली टाकी असेल तर तिच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा आणि ओला ठेवूनच आपल्या फिल्टरला लावा. दुधाला विरजण लावावं तसं आहे हे, सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांत येतं. नदीतला किंवा तलावातला दगड मात्र आणू नका, त्याबरोबर जळवा आणि परजीवीही येतात.

घाटाखालच्यांनी हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नये. २५ ते ३० अंश हे या जिवाणूंचं सुखाचं तापमान, पण मलकापूर-खामगावकडे पारा ४४-४५ वर जातो आणि बंद खोलीतल्या लहान टाकीचं पाणी ३५ गाठतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, २५ अंशांना लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर असतो तो ३५ ला सातच्या खाली येतो, आणि नायट्रीकरणाला प्राणवायू भरपूर लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा पावसाळा संपताना सुरुवात केलेली बरी. वीज जाते तेव्हा स्पंज फिल्टरमधल्या जिवाणूंना आजूबाजूच्या पाण्यातून थोडाफार प्राणवायू मिळत राहतो. बंद डब्याच्या महागड्या फिल्टरमध्ये तो काही तासांत संपतो. लोडशेडिंगच्या गावात चार्जिंगवर चालणारा लहान एअर पंप ही चैन नाही, गरज आहे.

पूर्ण डोस टाकल्यावर चोवीस तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दोन-तीन दिवस दिसलं की टाकी तयार झाली. नायट्रेट तोवर शंभरावर गेलेलं असू शकतं, कारण प्रत्येक डोस सात-आठ मिलिग्रॅमची भर घालतो. म्हणून एकदा तीन-चतुर्थांश पाणी बदला आणि त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मासे आणा. उशीर होणार असेल तर अमोनियाचा डोस चालू ठेवा, जिवाणू उपाशी राहता कामा नयेत.

पहिले मासे म्हणून मी गप्पीच सुचवेन. हिवतापाच्या डासअळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग ते वाढवून डबक्यांत-हौदांत सोडतो, त्यामुळे अनेकदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हौदातूनही मिळतात, आणि आपलं जड पाणी त्यांना मानवतं. खारपाणपट्ट्यात मॉली आणखी चांगली, तिला थोडं खारट पाणी आवडतंच. गोल्डफिश दोन फुटी टाकीत नको, तो मोठा होतो आणि मळही फार करतो. पहिल्या खेपेला चार-पाच गप्पी, दहा-बारा दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासून मगच पुढचे.

त्यानंतरची सगळ्यात मोठी चूक रविवारच्या सफाईत होते. मासे बादलीत, टाकी अंगणात, खडी नळाखाली, स्पंज साबणाने, आणि पुन्हा सगळं चकचकीत. महिनाभर वाढवलेली वस्ती एका सकाळी धुऊन जाते आणि मासे पुन्हा नव्या टाकीत येऊन पडतात. जिवाणू पाण्यात फार थोडे असतात, ते स्पंजवर, खडीवर, काचेवरच्या चिकट थरात राहतात. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, तेही क्लोरीन घालवलेलं. स्पंज फार गच्च झाला तरच टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळा. साबण टाकीच्या जवळही आणू नका.

दुकानात गेलात की टाकी, स्पंज फिल्टर, एअर पंप आणि चाचणीची पेटी एवढंच घेऊन या, आणि दुकानदाराला सांगा की मासे दीड महिन्याने न्यायला येतो.